सहावा आकडा

१

दुपारची जेवणं उरकली की पंचशीला घर बंद करायला घ्यायची.

बंद करणं म्हणजे नुसती दाराची कडी नव्हे. आधी गॅसचा रेग्युलेटर. तो फिरवायचा, ओट्यापासून दोन पावलं मागं जायचं आणि परत येऊन हात लावून बघायचा. मग बाथरूममधली बादली पालथी घालायची, कारण रांगतं लेकरू वीतभर पाण्यातही बुडतं असं तिनं कुठंतरी ऐकलं होतं. मग गॅलरीचं दार. गॅलरीतून खाली खारी गावातली उरलीसुरली कौलं दिसायची आणि त्यांच्या पलीकडं मिठागरं. चैत्राच्या उन्हात ती एवढी पांढरी व्हायची की नजर आत घेतल्यावरही घटकाभर भिंतींवर तोच पांढरेपणा हलत राहायचा. ती पडदा ओढायची. खोली दुधाळ व्हायची. जमिनीवरच्या गादीवर नऊ महिन्यांचा सुमेध पालथा पडून चादरीचं टोक चोखत असायचा.

सगळ्यात शेवटी लॅपटॉप.

तो तिच्या नवऱ्यानं, प्रितमनं, भाईंदरला एका दुकानातून जुना घेतला होता. प्रितम लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत होता आणि गेला दीड महिना नागपूरच्या साइटवर. लॅपटॉपचं घरात दुसरं काही काम नव्हतं. त्यात एक्केचाळीस व्हिडिओ होते, तेवढेच. सगळे संचिताचे. संचिता पंचशीलाची पहिली मुलगी. अकरा महिन्यांची असताना तिला ताप आला आणि तिसऱ्या दिवशी पहाटे ती गेली. त्याला आता अडीच वर्षं झाली होती. पंचशीला रोज दुपारी एकच व्हिडिओ बघायची. दोन बघितले तर संपतील असं तिला वाटायचं.

कुलूप लावायला तिनंच सांगितलं होतं. संचिता सहा महिन्यांची होती तेव्हा बाजारात कुणीतरी पंचशीलाच्या हातातून मोबाइल ओढून पळाला. व्हिडिओ लॅपटॉपमध्ये उतरवलेले होते, ते वाचले. पण कुणीतरी परका माणूस कुठल्यातरी खोलीत बसून आपल्या लेकीची आंघोळ बघत असेल, हा विचार तिला झोपू देईना. "हे असं बंद करा," ती प्रितमला म्हणाली होती, "की कुणाच्या बापाला उघडता येणार नाही."

प्रितमनं तसं केलं. "नुसता पासवर्ड नाही," त्यानं समजावलं होतं. "ह्याच्या आतच एक चिप बसवलेली आहे. आत ठेवलेलं सगळं ती आपोआप चुरगाळून ठेवते. लॅपटॉप फोडून कुणी डिस्क काढून नेली, तरी त्याला नुसता चुरा दिसणार. आणि दहा वेळा पासवर्ड चुकला की चिप आपली किल्ली आपणच मोडून टाकते. मग मलाही उघडणार नाही, तुलाही नाही. कायमचं गेलं."

"आणि मधी बरोबर टाकला तर?"

"मग मोजणी परत दहापासून."

पंचशीला सातवी शिकलेली. इंग्रजी अक्षरं तिला ओळखता यायची, पण घाईत ती एकमेकांच्या जागी जाऊन बसायची. म्हणून प्रितमनं सहा आकड्यांचा पासवर्ड ठेवला. लिहायचा नाही, तोंडानं बोलायचा नाही, ही त्याची ताकीद. मग तिनं तो हातात ठेवला. लेकराला झोपवताना ती आकड्यांनी थोपटायची. तीन थापा, जरा थांबायचं. दोन थापा, थांबायचं. पाच. एक. चार. दोन. संचिताच्या पाठीवर रोज दुपारी. संचिता गेल्यावर प्रितमनं पासवर्ड बदलला, तसा तिनं थोपटण्याचा ठेका बदलला. आता सुमेधच्या पाठीवर नवे आकडे पडायचे. प्रितमला हे माहीत नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काय होतं?

त्या सोमवारी तिनं व्हिडिओ बघितला, लॅपटॉपला कुलूप घातलं, झाकण लावलं, सुमेधला थोपटलं आणि तिचाही डोळा लागला. साडेचारला जाग आली तेव्हा झाकण उघडं होतं. पडद्यावर पासवर्डची रिकामी चौकट होती आणि तिच्याखाली इंग्रजीत एक बारीक ओळ. तिला त्यातला आकडा तेवढा ओळखू आला. नऊ.

२

"अहो, लॅपटॉपवर नऊ आलंय."

"काय नऊ?" प्रितमच्या मागं कुणीतरी लोखंडावर लोखंड आपटत होतं.

तिनं फोटो पाठवला. त्यानं बघितला. "नऊ प्रयत्न शिल्लक आहेत म्हणतोय. एकदा चुकीचा टाकला गेलाय. सुमेधनं दाबलं असेल."

"तो झोपला होता."

"तू जागी होतीस?"

"नाही."

"मग तुला काय माहीत तो झोपला होता?"

प्रितम हसला. "शीला, उंचावर ठेव ना. येतोय मी रविवारी. दहाची अट काढून टाकतो. माझ्या हातानंच निघते ती."

मंगळवारी तिनं लॅपटॉप पार बंद केला, चार्जर काढला, झाकण लावलं आणि कपाटाच्या डोक्यावर ठेवला. सुमेध उभं राहायलाही शिकला नव्हता. साडेचारला तिनं स्टुलावर चढून तो उतरवला. झाकण बंदच होतं, पण खालून कोमट लागत होतं. कुशीत झोपलेल्या लेकराचं पोट लागतं तसं. उघडल्यावर ओळीत सात होतं.

कोण येऊन गेलं? घराची एक किल्ली समोरच्या हंसाबेनकडं असायची. हंसाबेन घरी खाखरे लाटून दुकानात द्यायच्या, आणि पहिल्या दिवसापासून पंचशीलाला पोरीसारखं वागवायच्या. तरी पंचशीला त्यांच्या दारात उभी राहिली.

"हंसाबेन, वो चाबी जरा चाहिए थी."

"खोई क्या तेरी?"

"नहीं. ऐसेही. घर में रखती हूँ."

हंसाबेननी तिच्याकडं लाटण्यासकट बघितलं. "ले, बाबा. मैं क्या तेरे घर में भाकरी चुराने आती?" मग किल्ली देता देता आवाज खाली आणून म्हणाल्या, "नींद नहीं होती ना तेरी? आँख देख."

"दोपहर को सोती हूँ. बहुत गहरी."

"तो फिर अच्छा है. बच्चे के साथ सो जाना चाहिए."

संध्याकाळी तिनं परभणीला सासूबाईंना फोन लावला. प्रभावतीबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "हे बघ पंचशीला," त्या म्हणाल्या, "आपण बुद्धाची माणसं. आपल्यात असलं काही मानत नसतेत. यंत्र हाय, बिघडलं असंल. दुरुस्तीला टाक."

"मी काही म्हटलं का आत्या?"

"म्हटलं न्हाईस. पण तुझा आवाज म्हणायलाय."

३

खारीत राघोचं मोबाइल आणि लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान त्याच्या घराच्याच ओटीवर होतं. राघो पन्नाशीचा, तिथलाच. बाप मिठागरात राबलेला. चष्म्यावर आणखी एक भिंग लावून तो बटणं एकेक करून दाबत गेला.

"कीबोर्ड तर चांगला हाय ताई. एकपण बटण अडकत न्हाय."

"झाकण बंद असताना दाबलं जातं का?"

"झाकण बंद म्हंजे मशीन झोपलेला. झोपलेला कसा काय दाबल?"

"मग आकडा कमी कसा होतो?"

राघोनं ओळ वाचली. मशीन उलटं करून बघितलं, पुन्हा सुलटं केलं. "हे मला उघडायला सांगू नका. ही चिप असली म्हंजे मीच काय, बनवणारा आला तरी आत जाणार न्हाय."

पंचशीलानं सुमेधला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं. "आणि आतलं?"

"आतलं काय?"

"आतलं बाहेर येतं का?"

राघो खळखळून हसला. "आत काय कोंबडी हाय का ताई, बाहेर येयाला?"

तीही हसली. हसल्यावर बरं वाटलं. दिवसाउजेडी, ओटीवर, समोर सुकत घातलेल्या बोंबलांचा वास, आणि एक शहाणा माणूस सांगतोय की आत काही नाही. राघोनं बारीक ब्रश घेऊन बटणांच्या फटी झाडल्या. फटींतून पांढरी भुकटी उडाली.

"मीठ असल. इकडं सगल्यांत जातं," तो म्हणाला. मग बोट नाकाशी नेलं. "न्हाय. पावडर हाय. पोराला लावता ती."

सुमेधला ती पावडर लावत नव्हती. छातीत जाते म्हणून डॉक्टरांनी पहिल्याच महिन्यात बंद करायला सांगितली होती. ती लावायची संचिताला. मानेच्या वळीत, काखेत, दर दुपारी. लॅपटॉप तेव्हाही घरात होताच. तेव्हाची राहिली असेल फटीत. अडीच वर्षं राहते का? राहत असेल. वास मात्र आजचा होता.

त्या दुपारी उठल्यावर ओळीत चार होतं.

तिनं नेहमीसारखा बरोबर पासवर्ड टाकला. मोजणी दहावर गेली. पण एक, मग तीन, मग सहा. हा चढता हिशेब समजायला सातवीही पुष्कळ होती. एखाद्या दुपारी तिच्या झोपेतच दहा भरतील आणि एक्केचाळीसच्या एक्केचाळीस चुरा होतील. संचिताचा आवाज दुसरीकडं कुठंच नव्हता. तो तिला आता नुसता आठवून ऐकू येत नव्हता, लावूनच ऐकावा लागायचा.

४

गुरुवारी तिनं लॅपटॉप लोखंडी कपाटात साड्यांच्या खाली घातला, कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात ओवली. झोपायचं नाही असं ठरवून ती सुमेधजवळ आडवी झाली. झोप येऊ नये म्हणून तिनं थोपटलंही नाही. तो आपोआप झोपला.

पंखा फिरत होता. खालच्या मजल्यावर कुणीतरी कुकर लावला होता. पडद्यावर मिठागरांचा उजेड आत यायला दार शोधत असल्यासारखा सरकत होता. तिला आपले पाय लांब गेल्यासारखे वाटले, मग हात. डोळे उघडे होते, ह्याबद्दल ती नंतरही ठाम होती.

कपाटातून आवाज आला.

उंदीर, ती मनाशी म्हणाली. चौथ्या मजल्यावर येतात, हंसाबेनकडं आला होता. पण उंदीर कुरतडतो, खुडबुडतो. हा आवाज मऊ होता. कापडावर तळहात पडावा तसा. थप थप थप. मग काही नाही. थप थप. मग काही नाही.

तिच्या तळहाताला घाम फुटला. डोक्याला कळायच्या आधी हाताला कळलं होतं.

पाच. एक. चार.

मग लांब शांतता, आणि लॅपटॉप चुकीच्या पासवर्डला देतो तो बारीक टंग. पुन्हा तीन, दोन, पाच, एक, चार. शांतता. टंग.

ती उठली तेव्हा खोलीतला उजेड पिवळा झाला होता आणि साडेचार वाजले होते. मधला वेळ कुठं गेला तिला सांगता आलं नसतं. किल्ली गळ्यात होती. तिनं कपाट उघडलं, साड्या बाजूला केल्या. लॅपटॉपचं झाकण दोन बोटं उघडं होतं आणि त्या फटीतून साड्यांवर निळसर उजेड पडला होता.

ओळीत दोन होतं. पण या वेळी चौकट रिकामी नव्हती. कुणीतरी आकडे टाकून तसेच सोडले होते. काळे ठिपके. तिनं मोजले. पाच. चौकटीच्या कडेला डोळ्याचं चित्र असतं, ते दाबलं की ठिपक्यांमागचं दिसतं, हे प्रितमनं शिकवलं होतं. तिनं दाबलं.

तीन दोन पाच एक चार.

५

तिनं विचार करायचा प्रयत्न केला. विचार करणं तिला जमायचं, लोकांना वाटायचं नाही इतकं जमायचं.

हा जुना पासवर्ड. तो दोघांनाच माहीत. प्रितम नागपुरात. राहिली ती. म्हणजे तीच झोपेत उठते, किल्ली काढते, कपाट उघडते, जुने आकडे टाकते आणि परत येऊन झोपते. बायका झोपेत चालतात. गावाकडं एक होती, झोपेत जाऊन विहिरीवर धुणं धुवायची. एवढं धरलं की सगळं सरळ होत होतं. पावडरसुद्धा तिनंच कुठून काढली असेल.

पण ती झोपेतसुद्धा पाच आकड्यांवर थांबली नसती. तिच्या हाताला सहा माहीत होते.

पाचच कुणाला माहीत होते?

हे आठवण्यासाठी तिला व्हिडिओ लावावा लागला नाही. पांढऱ्यावर निळ्या फुलांची चादर. संचिता पालथी, एक गाल चेपलेला, मानेवर केसांचा भोवरा. तीन थापांना ती पाय हलवायची. दोनला अंगठा तोंडात. पाच थापा लांब असतात, त्यात ती डोळे मिटायची. एक. चार. आणि चौथ्या थापेला तिचा श्वास बदलायचा. झोपली. दर दुपारी, न चुकता, चारवर. शेवटच्या दोन थापा पंचशीला रिकाम्या झोपेवर मारायची, आपल्याला विसरायला नको म्हणून.

सहावा आकडा संचितानं कधी ऐकलाच नव्हता.

सुमेध जन्मल्यावर सासूबाई बघायला आल्या होत्या तेव्हा त्यांनी त्याला पालथं ठेवून म्हटलं होतं, "ह्याला पाठमोरा ठेवला तर आपली संचीच गं. मानंवरचा भोवरासुद्धा तिथंच." पंचशीलाला तेव्हा ते गोड वाटलं होतं. आता तिनं झोपलेल्या सुमेधच्या नाकाखाली बोट धरलं, रोज चार वेळा धरायची तसं. ऊब लागली. तिनं फोन घेतला.

"अहो, जुना पासवर्ड परत लावता येतो?"

"येतो. पण लावायचा नसतो." प्रितम जेवत होता. "जुना कुणालातरी माहीत झालेला असतो."

"कुणाला?"

"कुणालाही. म्हणून तर बदलतात. का गं?"

"काही नाही. जेवा तुम्ही."

"शीला, रविवारपर्यंत हात लावू नकोस त्याला. दोन दिवसांचा प्रश्न आहे."

दोन दिवस. म्हणजे मधे दोन दुपारी.

६

शुक्रवारी जेवण झाल्यावर तिनं गॅस बंद केला, बादली पालथी घातली, पडदा ओढला. मग लॅपटॉप उघडून बरोबर आकडे टाकले आणि तीन बटणं एकदम दाबली. प्रितम पासवर्ड बदलताना तिनं बाजूला उभं राहून बघितलं होतं. वरच्या चौकटीत आत्ताचा. खालच्या दोन्हींत जुना. तीन दोन पाच एक चार दोन. यंत्रानं काही विचारलं नाही, मान्य केलं.

तिनं तो कपाटात ठेवला नाही. गादीच्या डोक्याशी, जमिनीवर ठेवला. झाकण लावलं.

आपण काय करतोय हे ती स्वतःशी बोलली नाही. ज्या लेकराला दार उघडत नाही म्हणून ते कडी वाजवतंय, त्याच्यासाठी कुणीही दुसरं काय केलं असतं? एवढंच. आत जायचंय की बाहेर यायचंय, हे तिनं विचारलं नाही. कुलूप तर एकच होतं.

सुमेध तिच्या उजव्या दंडावर डोकं ठेवून झोपला. पंख्याचा आवाज लांब गेला. मिठागरांचा उजेड पडद्यातून आत आला आणि खोलीत गुडघाभर साचला.

थप थप थप. थप थप.

आवाज डोक्याशी होता. तिनं मान वळवायचं ठरवलं. मान वळली नाही. अंग गादीत ओतल्यासारखं झालं होतं.

पाच. एक. चार. शांतता. टंग.

हे एक झालं. ती मोजायला लागली. दुसऱ्यांदा टंग झालं. तिसऱ्यांदा. थापा आता घाईच्या होत्या, रडायच्या आधी लेकरू करतं तशा. उठून शेवटचा दोन तेवढा दाबायचा, एवढंच तर होतं. ती मनात उठत होती, लॅपटॉपपाशी पोचत होती, आणि पुन्हा बघावं तर गादीवरच होती. सहा. सात. सुमेधच्या डोक्याखाली दंड बधिर झाला होता. आठ. नवव्या टंगनंतर बराच वेळ काहीच झालं नाही. तिला वाटलं, थांबलं. दमून थांबलं.

मग पुन्हा. सावकाश. तीन. दोन. पाच. एक. चार.

शांतता.

ह्यानंतर टंग झालं की सगळं संपणार होतं. तिचा डावा हात मोकळा होता. तो तिनं उचलला की तो आपोआप उचलला गेला, कुणास ठाऊक. डोक्यामागं नेला. बोटांना लॅपटॉपचं कोमट झाकण लागलं. तिनं थोपटलं.

थप. थप.

झाकणाची बिजागरी करकरली आणि तिच्या हाताखालून ते वर गेलं.

७

साडेचारला लॅपटॉप उघडा होता. कुलूप नव्हतं, ओळ नव्हती, आकडा नव्हता. सुमेध तिच्या शेजारी पाय हवेत धरून आपल्याच अंगठ्यांशी खेळत होता. तिनं त्याला उचललं, त्याच्या नाकाखाली बोट धरलं, मग मांडीवर घेऊन लॅपटॉपसमोर बसली.

एक्केचाळीसच्या एक्केचाळीस होते. तिनं हुश्श केलं आणि पहिला लावला.

निळ्या फुलांची चादर. बांगड्या भरलेला तिचा हात चादरीवर थोपटत होता. तीन, दोन, पाच. चादरीवर कुणी नव्हतं.

तिनं दुसरा लावला. प्रितमचा आवाज, "इकडं बघ, संचू, पप्पाकडं बघ." खुळखुळा हलत होता. खुळखुळ्यासमोर उशी होती आणि उशीत डोक्याएवढा खड्डा होता. तिसऱ्यात बाथरूम, टब, पाण्याचे शिंतोडे, आणि हसणारी ती स्वतः, दोन्ही हातांत काहीही नसलेलं धरून.

सुमेध पडद्याकडं बघून खुदकन हसला. मग त्यानं मान फिरवली, तिच्या खांद्यावरून तिच्या मागं बघितलं आणि तसंच हसला.

पंचशीलानं एक्केचाळीसही लावून बघितले. अंधार पडेपर्यंत ती तिथंच बसली होती. रडू आलं नाही. लेकरू खोलीत नसलं की आई घाबरते. ते कुठं आहे हे माहीत असलं की घाबरत नाही.

हंसाबेन गरम खाखरे घेऊन आल्या तेव्हा तिनं त्यांना किल्ली परत दिली. "नींद हुई?" त्यांनी विचारलं. "हुई," ती म्हणाली. हंसाबेननी आत डोकावून बघितलं. "दो दो गद्दी क्यों डाली है?"

"गर्मी है ना," पंचशीला म्हणाली.

८

शनिवारी तिनं काहीच बंद केलं नाही. गॅसकडं बघितलं नाही. पडदा ओढला नाही, तरी खोली दुधाळच होती. दोन्ही गाद्या जोडून घातल्या. सुमेधला भिंतीकडं झोपवलं, आपण या कडेला, आणि मधे एका लेकराएवढी जागा ठेवली. मग ती स्वतः पालथी झाली. सातवीत होती तेव्हा आई झोपवायची तशी, गाल हातावर ठेवून.

पाठीवर पहिली थाप पडली तेव्हा तिला नवल वाटलं नाही. हात लहान होता आणि गरम होता. पावडरचा वास आला.

थापा ओळखीच्या नव्हत्या. चार. थांबणं. एक. थांबणं. तीन. हे जुने आकडे नव्हेत आणि नवेही नव्हेत. लक्षात ठेवायला पाहिजेत, तिला वाटलं. चार, एक, तीन. पुढं काय येतं ते नीट ऐकायचं. पण थोपटणारा हात चांगला होता, फार चांगला. तिला आजवर कुणी इतकं छान थोपटलं नव्हतं. तिचा श्वास बदलला.

साडेचार वाजले.

लॅपटॉप समोर उघडा होता. पडद्यावर बेचाळिसावा व्हिडिओ आपोआप चालू होता. निळ्या फुलांची चादर. ती चादर तिनं दोन वर्षांपूर्वी फाडून फडकी केली होती. चादरीवर एक लेकरू पालथं झोपलं होतं, एक गाल चेपलेला, तोंड पलीकडं. मानेवर भोवरा. कुणाचातरी हात त्याला थोपटत होता. बांगड्या नसलेला, लहान हात.

ती उठून बसली. पुढं वाकली. लेकरानं झोपेत पाय हलवला आणि तळपाय दिसला. तळपायाला काजळाची तीट होती. ती तिनं आज सकाळीच सुमेधला लावली होती.

त्याच क्षणी पडदा काळा झाला. दोन मिनिटं हात लागला नाही की तो बंद होतो, प्रितमनंच तसं करून ठेवलं होतं. पासवर्डची चौकट आली.

तिनं तीन दोन पाच एक चार दोन टाकले. टंग. ओळीत नऊ आलं.

सुमेधला थोपटायची ते टाकले. टंग. आठ.

चार, एक, तीन. तिचं बोट तिथंच थांबलं. पुढचं तिला माहीत नव्हतं. पुढचं तिनं ऐकलं नव्हतं.

मागं गादीवर कुणीतरी झोपलं होतं. श्वास ऐकू येत होता. तिनं कान देऊन मोजला. एकच श्वास होता. ती वळली. गादीवर एक लेकरू पालथं होतं, चादर खांद्यापर्यंत, मानेवर भोवरा. भिंतीकडं होतं की मधल्या जागेत, ते दोन्ही गाद्या सरकल्यामुळं सांगता येत नव्हतं. पाय चादरीत होते. नुसती चादर वर करायची होती. नाहीतर खांदा धरून सुलटं करायचं होतं. पंचशीलानं हात पुढं केला, बोटं चादरीला लागली, आणि तिनं हात मागं घेतला.

उद्या रविवार होता. प्रितम येणार होता.

ती हळूच लेकराशेजारी जाऊन आडवी झाली. पालथी झाली. गाल हातावर ठेवला आणि तोंड पलीकडं केलं, शेजारी कोण आहे ते दिसू नये असं.

"पुन्हा एकदा थोपट, बाळा," ती म्हणाली. "पहिल्यापासून. या वेळी मी झोपणार नाही."